चौदावं प्रकरण कोणाच्या घरचं

चरित्र हातात आलं की मी आधी शेवटचं पान वाचतो. माणूस गेला कसा हे एकदा कळलं, की तो जगला कसा हे निवांत वाचता येतं. बायकोला ही सवय मुळीच पटत नाही. ती म्हणते, पानावर बसायच्या आधीच तुम्ही आचवायला निघता. तिचं म्हणणं खरं आहे, पण साठी उलटल्यावर सवयी बदलत नसतात, आणि तिच्याही काही सवयी आहेत ज्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

धाडपासून जीपनं दहा मिनिटांवर आमचं गाव. तिथून रोज बुलढाण्याला जायचं आणि यायचं, असं मी नोकरीभर केलं. कचेरीत माझ्याकडे रेकॉर्ड रूम होती. जुन्या फायली, त्यांवरची धूळ आणि मी, असा तिघांचा संसार. काम एकच, पण जोखमीचं: फाईल आली की तिच्या प्रत्येक पानावर क्रमांक टाकायचा आणि ते पान जन्मभर गहाळ होऊ द्यायचं नाही. मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं की फाटलेलं पान चालेल, उंदरानं कुरतडलेलं चालेल, पण नसलेलं पान चालणार नाही. आणि अनुभव असा, की नेमकं जे पान नसे तेच साहेब मागत. हे मी पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो आहे.

दिवसभर फायली आणि जाता-येता एस.टी.च्या खिडकीशी पुस्तक. कादंबरी मला मानवत नाही. कोणीतरी मनानं रचलेल्या माणसासाठी मी काऊन रडावं, असं मला वाटतं. इतिहास आणि चरित्रं मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील तेवढी वाचली. काही दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचल्याचं विसरलो होतो.

इतक्या वाचनातून माझी काही मतं झाली आहेत. चरित्राचं पहिलं प्रकरण नेहमी पूर्वजांचं असतं आणि ते लेखकालाही आवडत नसावं. चरित्रनायकाला कधी सर्दी होत नाही. झालं तर थेट मोठं दुखणं. तो लहानपणी खोडकर पण प्रामाणिक असतो. त्याची बायको तिसऱ्या प्रकरणात लग्न होऊन येते आणि त्यानंतर एकदम आजारीच पडते. मधली वीस-पंचवीस वर्षं ती काय करत होती, हे चरित्रकाराला विचारायची सोय नाही. हे मी एस.टी.त शेजारी बसणाऱ्या एका मास्तरांना मोठ्या ऐटीत ऐकवत असे. म्हणजे मला हे कळत होतं. कळून उपयोग काय झाला, ते आता सांगतो.

आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायाबापे वावरातून येतात, हातपाय धुतात, पांढरी साडी नेसून किंवा धुतलेला सदरा घालून येऊन बसतात. त्रिसरण-पंचशील होतं आणि मग वाचन. ग्रंथ दरवर्षीचा ठरलेला. दोन वर्षांपूर्वी मात्र वाचणारा मुलगा नवा आणि जिभेचा चपळ होता. त्यानं तो ग्रंथ महिनाभर आधीच संपवला आणि भरतीच्या तयारीला बुलढाण्याला निघून गेला. आता उरलेले दिवस काय करायचं? विहार समितीचे सचिव माझ्याकडे आले. तुमच्या घरी पुस्तकांनी भिंत भरली आहे, त्यातलं एखादं वाचा, म्हणाले. बायको आतून म्हणाली, दोन घेऊन जा म्हणावं.

मी एका जुन्या समाजसुधारकाचं चरित्र काढलं. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्याला मानणारे दुखावतील आणि न मानणारे खूश होतील, दोन्ही मला नको. पुस्तक जाडजूड, प्रकरणं सव्वीस. शेवटचं पान अर्थातच वाचलेलं होतं. मधलं केव्हातरी नोकरीच्या काळात वाचलं होतं, असं मला वाटत होतं.

आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक दिवसाचं वाचन एकेका घराच्या वाट्याला असतं. डब्यात चिठ्ठ्या टाकतात, ज्याला जो आकडा निघेल ते प्रकरण त्याचं. त्या दिवशी चहा त्या घरचा. हौस असेल तर खीर. वाचन संपलं की वाचणाऱ्यानं यादी बघून मोठ्यानं सांगायचं, आजचं प्रकरण अमक्याच्या घरचं. मग सगळे ‘साधू, साधू, साधू’ म्हणतात आणि कप फिरतात. लोक आपापल्या प्रकरणाला फार जपतात. आमचं प्रकरण भांडणाचं निघालं, तुमचं गोड निघालं, अशी कुरकूर वर्षभर चालते. एका घरी मृत्यूचं प्रकरण आलं होतं, तर त्यांनी खीर करावी की नुसता चहा, यावर बैठक झाली होती.

त्या वर्षी यादीत एक घर नवं होतं. वस्तीतल्या एक मावशी. धाडच्या बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकतात. वय सत्तरीच्या पुढं, पण अजून जुडी बांधताना हात दिसत नाही. त्यांना मालकानं तरुणपणी, मुलगी अंगावर पीत असताना, माहेरी आणून सोडलं आणि तिकडं दुसरा संसार मांडला. तेव्हापासून त्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत. मुलगी त्यांनी लोकांच्या वावरात निंदण करून वाढवली, धामणगाव बढ्याला दिली. सगळी वस्ती हे जाणून होती आणि कोणी कधी त्यांच्यासमोर काढत नव्हतं. त्या वर्षी त्यांना घरकुल मिळालं. एक खोली, एक ओटा, पत्र्याचं दार. भावाच्या घरात होत्या तोवर भावाच्या चिठ्ठीत त्यांची चिठ्ठी. आता त्यांचं घर वेगळं, तर चिठ्ठी वेगळी.

चिठ्ठी काढायला त्या स्वतः उठल्या. हातातली घडी माझ्यापुढं उलगडून धरली. वाचता येत नव्हतं. चौदा, असं मी सांगितलं. त्या जागेवर जाऊन बसल्या आणि शेजारणीला तीनदा म्हणाल्या, चौदावं माह्यं हाये. शेवटचं सव्विसावं आमच्या घराला निघालं. समारोपाचं प्रकरण म्हणून बायकोनं लगेच खिरीत काय काय घालायचं ते ठरवून टाकलं.

वाचन रंगलं. मी आतापर्यंत एकट्यानं वाचत आलो होतो. चाळीस माणसांसमोर चरित्र वाचणं हा वेगळाच प्रकार आहे, हे मला तेव्हा कळलं. माणसं प्रश्न विचारतात. सुधारक सभेसाठी सोळा मैल चालत गेला, असं मी भक्तिभावानं वाचलं, तर मागून आवाज आला, जेवून निघाला होता काय? पुस्तकात नव्हतं. त्यानं रात्रंदिवस लिखाण केलं, तर दिव्याचं तेल कोण आणत होतं? नव्हतं. त्याच्या घरी रोज वीस-वीस पाहुणे, तर भाकरी कोण थापत होतं? तेही नव्हतं. मी इतकी वर्षं ज्या लेखकांना मोठे अभ्यासक समजत होतो, ते आमच्या विहारातल्या बायांपुढं पहिल्याच आठवड्यात नापास झाले. मला मोठी मजा वाटत होती. रोज घरी आल्यावर बायकोला मी कोणी काय विचारलं ते सांगायचो आणि ती म्हणायची, बरोबरच विचारलं.

बारावं प्रकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामासाठी बुलढाण्याला गेलो. येताना एस.टी.त पुढची प्रकरणं चाळावी म्हणून चौदावं उघडलं आणि धाड येईपर्यंत मान वर केली नाही. हे मी पूर्वी वाचलेलंच नव्हतं. सुधारकानं आपली पहिली बायको तिच्या माहेरी सोडली होती. अशिक्षित आहे, कामात अडथळा होतो म्हणून. मग त्यानं शहरात दुसरं लग्न केलं आणि हिला कधी आणलं नाही. चाळीस वर्षं ती भावाच्या घरी राहिली. चरित्रकार मात्र भला माणूस. तो तिच्या गावी गेला होता, भाच्याला भेटला होता, आणि अकरा पानं त्यानं तिच्याबद्दलच लिहिली होती.

सगळी घरं सोडून हे नेमकं मावशींच्या वाट्याला. पहिलंच घर, पहिलीच चिठ्ठी, आणि वस्तीसमोर बसवून त्या माऊलीला तिचीच कर्मकहाणी ऐकवायची? शिवाय मुलगी-जावई धामणगावहून यायचे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावलं. चौदावं गाळायचं, पंधरावं चौदावं म्हणून वाचायचं, कोणाला काय कळतंय. आपण फार मोठ्या मनाचे आहोत, असंही मला त्या वेळी वाटलं, ते लपवत नाही.

ठरल्या दिवशी मावशींनी खीर केली. विहारात त्यांची लेक पुढच्या रांगेत, जावई दाराशी. मी ‘प्रकरण चौदावं’ म्हणालो, अकरा पानांची चवड अंगठ्यानं धरून उलटली आणि वाचू लागलो. पंधराव्या प्रकरणात सुधारकाचा छापखान्याशी टाइपाच्या आकारावरून झालेला वाद होता. तो लेखकानं फार सविस्तर दिला आहे. दोघं-तिघं पेंगले. कोणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी मी यादी उघडली. सचिवांनी त्यात मावशींचं नाव सरकारी कागदावर असतं तसं तीन शब्दांत लिहिलं होतं: त्यांचं, मग त्या मालकाचं, मग त्याचं आडनाव. मी लिहिलं होतं तसं वाचलं. साधू, साधू, साधू. मावशी खाली बघत होत्या. खीर उत्तम झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो, तर मावशी आल्या. टोपली डोक्यावर, बाजाराला निघालेल्या. टोपली उतरवून ठेवली आणि माझ्या समोर उभ्या राहिल्या.

“भाऊ, माह्यं प्रकरण कुठं गेलं?”

मी तोंडाला साबण असल्याचा फायदा घेऊन थोडा वेळ काढला. कालच वाचलं की, म्हणालो.

“ते माह्यं नव्हतं. तुम्ही बरीच पानं एकदम पलटवली. चाळीस वरसं मेथीच्या जुड्या बांधून राह्यली मी. जुडीत दहा काड्या कमी असल्या तरी मले दुरून दिसते.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला लगेच घामच फुटला. ते प्रकरण जरा कंटाळवाणं होतं, म्हणून सोडलं, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे कंटाळवाणं, कालचं कोणतं हसवून राह्यलं होतं. मग त्यांनी मला बोटावर हिशेब करून दाखवला. चौदाव्याला पंधरावं वाचलं, पंधराव्याला सोळावं वाचाल, असं करत करत शेवटच्या घराला काय वाचणार? हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जन्मभर पानांवर क्रमांक टाकलेला माणूस मी. आतून बायको बाहेर आली. शेवटचं घर म्हणजे आपलं, हे तिला माझ्याआधी समजलं होतं. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी गालावरचा साबण पुसून टाकला आणि खरं काय ते सांगितलं. त्या प्रकरणात त्यानं बायकोला माहेरी सोडल्याचं आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गाळलं.

किती पानं, एवढंच मावशींनी विचारलं. अकरा, मी म्हणालो.

“अकरा पानं तिचीच?”

हो, तिचीच, म्हणालो. मग मी म्हणालो की मावशी, वाटल्यास इथं बसून तुम्हाला एकट्यांना वाचून दाखवतो, विहारात नको. लोक तुमच्याकडे बघतील.

“लोक पन्नास वरसांपासून पाहूनच राह्यले, भाऊ. ऐकू द्या त्याईले आता. चिठ्ठी मी सगळ्याईसमोर काढली, प्रकरण बी सगळ्याईसमोरच पाह्यजे.”

टोपली उचलून त्या गेल्या. जाताना बायकोच्या हातात मेथीची एक जुडी ठेवली, मला नाही. मला स्वतःचा राग आला होता आणि लाजही वाटत होती. पान गहाळ करणाऱ्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि मीच अकरा पानं गहाळ केली होती. तीही नेमकी चरित्रनायकाच्या बायकोची, जी नसतात म्हणून मी एस.टी.त भाषणं देत असे.

त्या संध्याकाळचं घर खुद्द सचिवांचं होतं. त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांचा मुद्दा असा की पंधरावं प्रकरण आपलं होतं, ते काल मावशींच्या खिरीवर वाचून झालं, मग आपल्याला काय उरलं. मी म्हणालो, ते पुन्हा वाचू. पौर्णिमेपर्यंत दोन दिवस हाताशी जास्तीचे आहेत, आज मावशींचं, उद्या तुमचं, बाकी सगळे एकेक दिवस पुढं. ते म्हणाले, ऐकलेलंच पुन्हा कोण ऐकेल? त्याची काळजी नको, मी म्हणालो, काल कोणी ऐकलेलं नाही. पुढं तसंच झालं. छापखान्याचा वाद दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नव्यानं ऐकला आणि नव्यानंच पेंगले.

तर त्या संध्याकाळी मी उभा राहून सांगितलं की काल माझ्याकडून चौदावं प्रकरण सुटलं, मुद्दाम सुटलं, आज वाचतो. मावशी कालच्याच जागेवर बसल्या होत्या. लेक राहिली होती, तिनं आईजवळ सरकून जागा केली. मी वाचायला लागलो. कोणी प्रश्न विचारत नव्हतं, कारण या प्रकरणात सगळं होतं. ती पहाटे किती वाजता उठायची, कोणाच्या शेतात जायची, भावजयीशी कशावरून वाजायचं, आणि वाजल्यावर संध्याकाळी दोघी एकाच चुलीवर भाकरी कशा करायच्या. त्या वाक्याला मावशी हसल्या. मोठ्यानं हसल्या. आमच्या वहिनीचं बी असंच होतं, असं त्यांनी आख्ख्या विहाराला सांगितलं, आणि त्यांची ऐंशीची भावजय मागच्या रांगेतून म्हणाली, खोटं बोलते, चूल मीच पेटवत होती. मग सगळेच हसले. मला वाटलं होतं त्या रडतील. रडकुंडीला मीच आलो होतो. शेवटच्या पानावर दोनदा पाणी प्यायलो.

त्या शेवटच्या पानावर चरित्रकारानं एक गोष्ट लिहिली होती. तो तिच्या माहेरच्या गावी गेला आणि सुधारकाची बायको म्हणून चौकशी करू लागला, तर कोणाला काही सांगता येईना. मग त्यानं तिचं नुसतं नाव घेतलं. तेव्हा पाणवठ्यावरची म्हातारी उठली आणि थेट घरापर्यंत सोडायला आली. त्या गावात ती कोणाची बायको नव्हती. तिची ती होती.

पुस्तक मिटून मी यादी उघडली. पंधरावं घर खाली सोडून चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं तेच तीन शब्द. मी मावशींकडे बघितलं. काल त्या खाली बघत होत्या, आज सरळ माझ्याकडे बघत होत्या.

आजचं चौदावं प्रकरण, असं म्हणून मी त्यांचं नाव घेतलं, पहिला शब्द. तिथंच थांबलो आणि म्हणालो, यांच्या घरचं.

साधू, साधू, साधू झालं. मावशी उठल्या, पहिला कप माझ्यापुढं ठेवला आणि साखर बरोबर आहे का विचारलं. लिहिलेलं गाळण्याची माझी ती दुसरी वेळ, आणि या खेपेला त्यांनी काही हरकत घेतली नाही.